फटकळ कोणाला म्हणायचं?

माझं माहेर पेणचं, सासर रोह्याचं. दोन्ही गावांत एक शब्द मी एकाच सुरात ऐकत आले आहे: फटकळ. मुलगी शिकलेली आहे, देखणी आहे, चार माणसांत वावरेल, पण जरा फटकळ आहे. हा 'पण' आला की आधीचं सगळं पुसलं जातं आणि स्थळ तिथेच थांबतं. त्याच बैठकीत मुलाविषयी बोलणं निघालं की तोच स्वभाव वेगळे कपडे घालून येतो. मुलगा स्पष्ट आहे हो, पोटात एक आणि ओठात एक असलं त्याच्यापाशी काही नाही. तिथे तो गुण असतो, आणि सांगणाऱ्याच्या आवाजात थोडा अभिमानही असतो.

मराठीत मोकळेपणाने बोलणाऱ्या माणसासाठी शब्दांची टंचाई नाही. स्पष्टवक्ता आहे, परखड आहे, सडेतोड, रोखठोक, तोंडाळ, फाटक्या तोंडाचा, तिखट जिभेचा. कोशात हे शब्द शेजारी शेजारी बसतीलही. गावात मात्र त्यांच्या जागा ठरलेल्या आहेत. स्पष्टवक्ता हा शब्द संस्कृतातून आला, तो वकिलाला, हेडमास्तरांना, सभेच्या अध्यक्षांना मिळतो. परखड हा लेखकाचा आणि संपादकाचा. सडेतोड हे बहुधा उत्तर असतं, म्हणजे आधी कोणीतरी प्रश्न विचारण्याच्या लायकीचं समजलेलं असावं लागतं. रोखठोक बाजारातला आहे, त्यात उधारी नाही, आणि व्यापाऱ्याला तो शोभतो. फटकळ आणि तोंडाळ हे शब्द उरतात ते सुनेसाठी, मासळीवालीसाठी, कामाला येणाऱ्या बाईसाठी, ओटीखाली उभ्या राहणाऱ्या कुळासाठी. बोललेलं वाक्य अक्षरशः एकच असलं, तरी ते कोणाच्या तोंडून आलं यावर त्याचं नाव ठरतं.

फटकळ म्हणजे शिवराळ नव्हे, हे इथे सांगितलं पाहिजे, कारण पुष्कळदा या दोन शब्दांची गल्लत होते. शिवी देणाऱ्याला समोरच्याला दुखवायचं असतं. फटकळ माणसाच्या मनात तसं काही नसतं. मनात आलेलं आणि तोंडातून गेलेलं यांच्यात बाकीच्यांच्या बाबतीत जो उंबरठा असतो, तो त्याच्या घराला बसवलेलाच नसतो. म्हणून तर आमच्याकडे या शब्दाला एक शेपूट जोडलेलं असतं: तोंडाने फटकळ, पण मनाने साफ. शेपूट प्रेमाने जोडतात, यात शंका नाही. पण त्या प्रेमात एक गृहीत धरलेलं आहे. जे बोललं ते चुकीचंच होतं, मन चांगलं म्हणून माफ केलं. ते बोलणं खरं होतं का, हे विचारायची गरज त्या शेपटाने संपवून टाकलेली असते.

पेणच्या खारेपाटातली बोली ज्यांनी ऐकली आहे त्यांना ती पहिल्यांदा अंगावर येते. वाशी, वढाव, दादर, रावे ही गावं खाडीच्या कडेला वसलेली. आगरी बोलीत 'तुम्ही' फार कमी. आईला तू, बापाला तू, आज्याला तू, गावच्या देवाला तू. देशावरून बदली होऊन आलेल्या तरुण अधिकाऱ्याला साठीतला माणूस 'तू कवा आयलास?' असं विचारतो, तेव्हा त्यात अपमान नसतो. आपल्या घरातल्या माणसाला विचारावं तसं त्याने विचारलेलं असतं. अधिकारी मात्र खोलीवर जाऊन सांगतो, इथली माणसं फार फटकळ. व्याकरणातल्या फरकाला त्याने स्वभावाचा दोष ठरवलेला असतो, आणि असे शेरे एकदा कचेरीत रुळले की पिढ्यान् पिढ्या निघत नाहीत.

या बोलण्यामागे जमीनही आहे असं मला वाटतं. खारेपाटातली शेती बांधावर जगते. खाडीचं पाणी अडवून मिळवलेली जमीन, तिला मातीचा बांध, बांधात पाणी सोडा-अडवायला उघाडी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, खेकड्यांनी पोखरलेली माती ढिली होते आणि एखाद्या रात्री बांधाला खांड पडते. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की ते पीक तर जातंच, पुढची दोन-तीन वर्षं त्या जमिनीत भात धड येत नाही. आणि पाणी एकाच्याच शेतात थांबत नाही. अशा रात्री बांधावर उभ्या असलेल्या माणसाने 'कृपया' आणि 'जरा' शोधत बसायचं नसतं. ज्याच्या वाट्याचा बांध कच्चा राहिला त्याचं नाव घेऊन, सगळ्यांसमोर, ओरडून सांगायचं असतं. उद्या सकाळी तोच माणूस शेजारी बसून भाकर खाणार असतो. ज्या गावाचं पोट असं एकमेकांच्या बांधावर अवलंबून आहे, तिथे चूक झाकणारा सभ्य माणूस हा गावाला परवडणारा माणूस नव्हे. ही भाषा त्या गरजेतून घडली, आणि ती उद्धट वाटते ती फक्त बांध नसलेल्यांना.

याच पट्ट्याने एकदा फार मोठा नकार दिला होता. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात कुळं जमली आणि खोतांची जमीन कसायची नाही असं त्यांनी ठरवलं. नारायण नागू पाटील त्यांचे नेते. हा संप १९३९ पर्यंत चालला. कुळांनी उपासमार सोसली, जंगलातली लाकडं तोडून विकली, पण नांगर धरला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले होते. खोताच्या ओटीवर ज्यांना बसायची मुभा नव्हती त्या माणसांनी खोताला सरळ नाही म्हटलं, तेव्हा त्यांना स्पष्टवक्ते कोणी म्हटलं नसेल. माजलेली कुळं, असंच खोताच्या माजघरात म्हटलं गेलं असणार.

पेणच्या मासळी बाजारात एक बाई बसायच्या. आता त्या नाहीत. माझी आई त्यांच्याकडूनच मासे घ्यायची आणि घरी येऊन त्यांच्या तोंडाळपणाबद्दल कुरकुर करायची. जिताडा ही आमच्याकडची मानाची मासळी. खारेपाटात घराजवळच्या तळ्यात तो वाढवतात आणि पाहुणा आला की काढतात. कधी जिताड्यासाठी आई थांबली की त्या बाई आपल्याच टोपलीकडे बोट करून म्हणायच्या, 'यो नको नेऊस. कालचा हाय.' शेजारच्या बायका त्यांच्याकडे डोळे वटारून बघायच्या. मला पुढे कळलं की आईचा त्यांच्यावरचा विश्वास त्या एका वाक्यावर उभा होता. फटकळ म्हणावं असं त्यांचं सगळं बोलणं होतंच, किमतीवरून घासाघीस करणाऱ्याला त्या चारचौघांत उभा-आडवा घ्यायच्या. पण त्यांच्या जिभेची धार गिऱ्हाइकावर जशी चालायची तशी स्वतःच्या धंद्यावरही चालायची. स्वतःचं नुकसान होत असतानाही जे तोंड तसंच उघडं राहतं, त्याला मी मान देते. बोलण्याची पारख करायला मला त्या टोपलीइतकं सोपं माप दुसरं मिळालेलं नाही.

कारण 'मी बाई स्पष्ट बोलते' किंवा 'आपल्याला गुळमुळीत जमत नाही' असं छातीवर हात ठेवून सांगणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यातली बरीचशी घरात स्पष्ट बोलतात. सुनेच्या माहेराबद्दल स्पष्ट, मुलाच्या गुणांबद्दल स्पष्ट, गड्याच्या कामाबद्दल स्पष्ट. तीच माणसं बँकेच्या मॅनेजरसमोर, तालुक्याच्या साहेबासमोर, लग्नात पुढच्या रांगेत बसलेल्या पुढाऱ्यासमोर कशी विरघळतात तेही पाहिलं आहे. पाणी जसं उतारावरून धावतं तशी ही स्पष्टता नेहमी खालच्या दिशेने धावते. 'स्पष्टवक्ता सुखी भवेत्' ही म्हण अशाच माणसांच्या तोंडी मी सर्वांत जास्त ऐकली. खाली बोलणारा सुखी असतोच, त्याला उलट उत्तर कोण देणार? वर बोलणाऱ्याच्या सुखाची हमी त्या म्हणीला देता येत नाही.

वर बोलणं काय असतं हे रोह्याला चांगलं ठाऊक आहे, निदान ठाऊक असायला हवं. चिंतामणराव देशमुख हे रोह्याच्या देशमुखांच्या घरातले. जन्म १४ जानेवारी १८९६, महाडजवळच्या नाते गावी. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख रोह्यात वकिली करायचे. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले, संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच. केंब्रिजला गेले, १९१८ साली आय.सी.एस.च्या परीक्षेतही पहिले आले. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० साली देशाचे अर्थमंत्री. १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातून. जिल्ह्याचं नाव रायगड झालं ते १९८१ मध्ये.

या माणसाला फटकळ म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती, आणि तसा त्यांचा स्वभावही नव्हता. आयुष्य सरकारी शिस्तीत गेलेलं, आकड्यांच्या भाषेत बोलायची सवय, संध्याकाळी संस्कृत काव्य आणि बागकाम. कालिदासाचं मेघदूत त्यांनी मराठीत आणलं, स्वतः संस्कृतात कविता लिहिल्या. अशा माणसाकडून मोजून-मापून बोलण्याचीच अपेक्षा असते. आणि १९५६ साली त्यांनी जे केलं त्यातही शब्द मोजलेलेच होते. फक्त त्यांनी ते पातळ केले नाहीत.

ते वर्ष आठवून पाहावं. राज्यांची भाषावार फेररचना चालू होती. मराठी माणसाला मुंबईसह महाराष्ट्र हवा होता आणि दिल्लीला मुंबई वेगळी ठेवायची होती. जानेवारीत मुंबईत लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. मोरारजी देसाई मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. गोळीबारांची न्यायालयीन चौकशी व्हावी ही मागणी मान्य झाली नाही. पुढे मुंबई काही वर्षं केंद्रशासित ठेवण्याचं पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी जाहीर केलं. देशमुख त्याच मंत्रिमंडळात बसत होते, देशाच्या तिजोरीच्या किल्ल्या त्यांच्याकडे होत्या, दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली होती. गप्प बसण्यासाठी याहून चांगली कारणं कोणाला मिळतात? देशाचं काम मोठं, राज्याचा प्रश्न लहान, असं म्हणून थांबता आलं असतं. तसं म्हणणारे होतेही.

जुलै १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि लोकसभेत निवेदन केलं. मुंबईसारख्या प्रश्नावर मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता निर्णय जाहीर झाला, ही पद्धत घटनेच्या चौकटीत बसत नाही, असं त्यांनी पंतप्रधानांबद्दल सांगितलं. गोळीबारांची चौकशी नाकारण्याबद्दल बोलले. आणि महाराष्ट्राबद्दल आकस आहे, हाही आरोप त्यांनी केला. नेहरूंनी तो अर्थातच अमान्य केला. पण बोललेलं बोललं गेलं होतं, देशाच्या सर्वांत उंच सभागृहात, सर्वांत उंच माणसाविषयी, नोंदीसह.

मी त्या निवेदनाचा विचार करते तेव्हा मला त्यातल्या धाडसापेक्षा त्यातली नेमकी जागा महत्त्वाची वाटते. मुंबईच्या चौपाटीवर, लाखोंच्या सभेत, टाळ्या वाजवायला तयार असलेल्या लोकांपुढे हेच वाक्य उच्चारणं सोपं होतं. तिथे ते आधीच शेकडो लोक, अधिक आवेशाने, उच्चारत होते. देशमुखांनी ते जिथे ऐकायला कोणीही उत्सुक नव्हतं तिथे उच्चारलं, आणि आधी खुर्ची सोडली. खुर्चीत बसून केलेली टीका आणि खुर्ची सोडून केलेली टीका यांत त्या मासळीवालीच्या टोपलीइतकाच फरक आहे. त्यानंतर ते पुन्हा मंत्री झाले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाचं अध्यक्षपद, दिल्ली विद्यापीठाचं कुलगुरुपद, १९५९चा मॅगसेसे पुरस्कार, हे सगळं पुढे आलं आणि ते मोठंच होतं. १९६९ साली राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले, तीत हरले. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसांनी जीव दिला, त्यांच्यापुढे एका मंत्रिपदाचा त्याग मांडून बरोबरी करणं बरोबर नाही, हेही मला कळतं. देशमुखांनीही ती कधी केली नसती. पण १ मे १९६० च्या वाटेवर हे एक निवेदन उभं आहे आणि ते रोह्याच्या माणसाचं आहे, एवढं तरी रोह्याच्या शाळांत मुलांना सांगितलं पाहिजे.

संस्कृतची शिष्यवृत्ती मिळवणारा हा विद्यार्थी रामायणातला मारीच नक्कीच विसरला नसेल. सीताहरणाला निघालेल्या रावणाला मारीच सांगतो की गोड बोलणारी माणसं हवी तेवढी मिळतील, पण कडू आणि हिताचं सांगणारा दुर्मीळ आणि ते ऐकून घेणाराही दुर्मीळ. सांगणाऱ्याइतकीच ऐकणाऱ्याचीही टंचाई त्याने मोजली, हे मला त्या प्रसंगातलं सर्वांत शहाणं वाटतं. मारीचाचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ऐकणारा मिळाला नाही, आणि शेवटी तोच सोन्याचं हरीण होऊन गेला.

आता पेणकडे येते. देशमुखांच्या जन्माआधी चार महिने, ११ सप्टेंबर १८९५ रोजी, पेण तालुक्यातल्या गागोदे गावी विनायक नरहरी भावे जन्मले. तेच विनोबा. एकाच जिल्ह्यात, चार महिन्यांच्या अंतराने जन्मलेली ही दोन माणसं १९८२ साली काही आठवड्यांच्या अंतराने गेली, देशमुख २ ऑक्टोबरला, विनोबा १५ नोव्हेंबरला. विनोबांचं बोलणं मृदू होतं, पण त्यांच्याइतकं सरळ मागणं फार थोड्या लोकांनी मागितलं असेल. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांनी जमीन मागितली आणि विनोबांनी गावकऱ्यांना विचारलं, कोण देतो? तिथून पुढे वर्षानुवर्षं ते पायी हिंडले आणि जमीनदारांच्या दारात उभं राहून म्हणाले, मला घरातला एक मुलगा समजा आणि माझा वाटा द्या. हे गोड शब्दांत सांगितलेलं अतिशय कडक वाक्य आहे. ओटीवर बसलेल्या माणसाला त्याच्याच ओटीवर सांगितलेलं.

आणि तरीही विनोबांच्या आयुष्यात एक जागा अशी आहे जिथे माझं मन अडतं. डिसेंबर १९७४ मध्ये त्यांनी वर्षाचं मौन घेतलं. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. मौनात असताना त्यांनी लिहून दाखवलेले 'अनुशासन पर्व' हे दोन शब्द सरकारने उचलले आणि देशभर घोषणेसारखे फिरवले. अनुशासन हे आचार्यांचं असतं, शासनाचं नव्हे, असा त्या शब्दांचा खरा अर्थ असल्याचं विनोबांच्या जवळच्या लोकांनी नंतर सांगितलं, आणि मला ते पटतं. विनोबांबद्दलचा माझा आदर त्याने कमी होत नाही. पण फटकळ बोलण्याचा एक मोठा गुण मला त्या प्रसंगाने दाखवला. ज्या वाक्याचे दोन अर्थ निघू शकतात ते बलवान माणूस आपल्या सोयीने वापरून घेतो. मासळीवालीच्या 'कालचा हाय' या वाक्याचा दुसरा अर्थ कोणालाच काढता येत नाही. देशमुखांच्या राजीनाम्याचं निवेदनही सरकारी भिंतीवर रंगवता आलं नसतं. थेट बोलणं उसनं नेता येत नाही, म्हणूनच सत्तेला त्याचं काय करावं ते कळत नाही.

त्याच १९७५ सालच्या डिसेंबरात कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. देशात लिहिण्या-बोलण्यावर बंधनं, जयप्रकाश नारायण आजारी. दुर्गाबाईंनी मंत्र्यांच्या उपस्थितीत लेखनस्वातंत्र्याविषयी बोलायचं ते बोलून घेतलं आणि जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी सभेला प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. आज दुर्गाबाईंना आपण परखड म्हणतो, आणि ते योग्यच आहे. पण तेव्हा सभामंडपातल्या काही मंडळींनी घरी जाताना कोणता शब्द वापरला असेल याची मला कल्पना करता येते. परखड हे विशेषण बाईला बहुतेक वेळा संकट ओसरल्यावर मिळतं.

आमच्या पेणमध्ये अलीकडची एक गोष्ट मला या सगळ्यात फार महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडे भाषेच्या अंगाने कोणी पाहिलेलं मी वाचलेलं नाही. पेण, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या हजारो एकरांवर महामुंबई सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, येणार होतं. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली पेण तालुक्यातली २२ गावं त्यात होती. धरण आधी बांधलं, पाण्याची आशा दाखवली आणि मग जमीनच मागितली. गावं उठली. एन. डी. पाटलांसारखा उभा जन्म शेतकऱ्यांसाठी भांडलेला, शब्द न वळवणारा माणूस त्यांच्यासोबत होता, कार्यकर्त्या उल्का महाजन होत्या. शेवटी २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारने या २२ गावांत शेतकऱ्यांचं मत घेतलं. सेझसाठी जमीन द्यायची की नाही, एवढाच प्रश्न. शेतकऱ्यांनी मोठ्या बहुमताने नाही म्हटलं आणि पुढे ते भूसंपादन बारगळलं.

त्या काळातल्या सभा-मोर्चांत बायका पुढे असायच्या. माझ्या एका चुलत आत्याचं घर त्या गावांतलं. तिने आयुष्यात मंचावर पाऊल ठेवलं नव्हतं. भाताची लावणी, सुकी मासळी, नातवंडं, एवढंच तिचं जग. गावात समजूत घालायला आलेल्या एका साहेबांना तिने विचारलं, 'तुझी जमीन कवरी हाय? तू इकलीस?' सभेत शांतता पसरली. साहेब हसून पुढे बोलायला लागले. घरी परतल्यावर तिच्या धाकट्या दिराने तिला सांगितलं, वहिनी, तोंड आवर, फटकळपणा बरा नाही. तिने त्याला काही उत्तर दिलं नाही. मला ती नंतर म्हणाली, 'मना नाय पटलं ते इचारलं. त्यानं उत्तर कया नाय दिला, ते कोन इचारत नाय.'

तिचा हा प्रश्न बरोबर होता. साऱ्या गावाने तिच्या 'तू'ची चर्चा केली. साहेबांना तू म्हणावं का, बाईने भर सभेत बोलावं का, आवाज एवढा चढवावा का. तिने विचारलेल्या प्रश्नाची चर्चा झालीच नाही. फटकळ हा शब्द हे काम फार चोख करतो. तो बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बोट दाखवतो आणि बोललेलं मागे राहून जातं. एकदा कोणावर हा शिक्का बसला की तिने सांगितलेल्या खऱ्या गोष्टीचंही उत्तर द्यावं लागत नाही. घरात हे रोज घडतं. सासऱ्याच्या औषधाला पैसे नाहीत आणि देवाला मोठा नैवेद्य आहे, असं सून म्हणाली की चर्चा तिच्या जिभेची होते, औषधाची होत नाही.

रोह्यात धाटावची औद्योगिक वसाहत आहे, कुंडलिकेच्या काठी. नदीच्या पाण्याविषयी, मासळी कमी झाल्याविषयी, रात्री येणाऱ्या वासाविषयी तिथल्या कोळी बायका वर्षानुवर्षं बोलत आल्या आहेत. त्यांचं बोलणं मी ऐकलं आहे. ते गोड नाही. ते गोड व्हावं अशी अपेक्षा करणाऱ्यांनी आधी त्या पाण्यात जाळं टाकून पाहावं.

मला फटकळपणाचं देव्हाऱ्यात बसवून कौतुक करायचं नाही. आजाऱ्याला त्याच्या आजाराचं भविष्य फटकन सांगणारी, मूल गमावलेल्या आईला चार सल्ले ऐकवणारी माणसं आहेत, आणि त्यांच्या बोलण्याने झालेल्या जखमा मी जवळून पाहिल्या आहेत. त्यांना मी या रांगेत उभं करणार नाही. त्यांच्या बोलण्याने त्यांचं काही गेलेलं नसतं, आणि ऐकणाऱ्याचं काही भलंही झालेलं नसतं. कोणाला बोललं, कशासाठी बोललं आणि बोलणाऱ्याने त्याचं काय मोल दिलं, एवढं पाहिलं की माणूस कोणत्या रांगेतला ते कळायला वेळ लागत नाही. पेणची मासळीवाली, चरीची कुळं, रोह्याचे देशमुख आणि माझी आत्या मला एकाच रांगेत दिसतात. एकाला संसदेची भाषा येत होती, बाकीच्यांना नव्हती, इतकाच फरक.

आता आपल्याकडे ग्रामसभेआधी महिलांची वेगळी ग्रामसभा घेण्याचा नियम आहे, ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत. बायका बोलतात, पूर्वीपेक्षा पुष्कळ बोलतात. पण इतिवृत्त उघडून बघा. 'विषयावर सविस्तर चर्चा झाली.' 'महिलांनी आपली मते मांडली.' 'सर्वानुमते मंजूर.' आत्याचा प्रश्न अशा कुठल्या वहीत सापडणार? देशमुखांचं निवेदन आजही वाचायला मिळतं, कारण लोकसभेत शब्दन् शब्द उतरवून घेणारी माणसं बसलेली असतात.

म्हणून पेण-रोह्यातल्या, आणि जिल्ह्यातल्या इतरही गावांतल्या सरपंचांना आणि ग्रामसेवकांना माझं एकच मागणं आहे. पुढच्या सभेत एखादी बाई उठून काही विचारेल, कदाचित तू-तुमी न पाहता, कदाचित आवाज चढवून. तिचं नाव लिहा, आणि तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत, तिच्याच बोलीत, जसाच्या तसा वहीत उतरवा. त्याखाली मिळालेलं उत्तर लिहा. उत्तर मिळालं नसेल, तर तेही लिहा.